सल्ला हवा : उभ्या गाडीत डॅशकॅम नेमकी किती वीज ओढतो, हे घरच्या घरी कसे मोजावे?

मंगळवारपेठकर :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. तिची बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची) असून तिला आता तीन वर्षे होत आली आहेत. रोजचा वापर पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्यांपुरताच आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या घराला गाडी आत घेण्याएवढे दार नसल्यामुळे गाडी बोळाच्या तोंडाशी रस्त्यावरच उभी असते. गेल्या दिवाळीत कोणीतरी मागचा दिवा फोडून निघून गेले, तेव्हा मी पुढे एक आणि मागे एक असा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम बसवून घेतला. बसवणाऱ्याने फ्यूज बॉक्समधून वीज घेतली आणि गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग चालू राहील, कॅमेरा वीज जवळजवळ खातच नाही, असे सांगितले.

त्यानंतर या पावसाळ्यात शुक्रवारी रात्री आठला उभी केलेली गाडी रविवारी सकाळी सातला जोतिबाला जाण्यासाठी चालू करायला गेलो, तर स्टार्टरने नुसते टकटक केले आणि समोरचे दिवे मंद झाले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून काम भागले. बॅटरीच्या दुकानात गेलो तर दोष कॅमेऱ्याचा निघाला आणि कॅमेरा बसवणाऱ्याकडे गेलो तर बॅटरीचा. दोघांपैकी कोणीही मीटर हातात घेतला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

आता मीच मोजायचे ठरवले आहे. घरात साधा पिवळा डीटी-८३० मल्टिमीटर आहे आणि मोबाइलच्या चार्जिंगसाठी घेतलेला यूएसबी मीटर आहे. कॅमेऱ्याच्या वायरमध्ये हा यूएसबी मीटर लावून पाहिला, तर ५.१ व्होल्ट आणि ०.८६ अँपिअर दिसले. खोक्यावर मात्र ५ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले आहे. यातले खरे काय धरायचे, मोजायचे नेमके कुठे, आणि मोजल्यावर कोणता पार्किंग मोड (उभ्या गाडीत कॅमेऱ्याने कसे चालायचे ते) व किती व्होल्टचा कट-ऑफ (बॅटरी जिथवर उतरल्यावर कॅमेरा आपोआप बंद होतो तो आकडा) ठेवायचा, याबद्दल जाणकारांनी सांगावे. बॅटरी वेगळी बसवून कॅमेरा तिच्यावर चालवणे परवडते का, हेही विचारून ठेवतो.

गोकुळशिरगाव_दुसरी_पाळी :

खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा. सोबतचा अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, हे तो सांगतो. कॅमेरा किती घेतो, हे सांगत नाही. तुमच्या यूएसबी मीटरचे वाचन त्यापेक्षा बरेच खरे आहे. ५.१ गुणिले ०.८६ म्हणजे सुमारे ४.४ वॅट, आणि दोन कॅमेऱ्यांच्या संचाला एवढी वीज लागणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु हे मोजमाप कन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला झाले आहे. बॅटरीतून १२ व्होल्ट येतात, त्यांचे ५ व्होल्ट करताना डबीत थोडी वीज उष्णता होऊन जाते (ती डबी हाताला कोमट लागते ती यामुळेच), आणि ही गळती यूएसबी मीटरला दिसत नाही. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीवरचा खरा भार ५.२ वॅटच्या घरात जातो, म्हणजे १२.४ व्होल्टला ०.४२ अँपिअर. मात्र हा झाला अंदाज. तुम्हाला मोजायचेच असेल तर १२ व्होल्टच्या बाजूलाच मोजा, आणि तेही गाडी कुलूप लावून उभी असताना मोजा. चावी चालू ठेवून घेतलेला आकडा तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

उद्यमनगर_वायरमन :

वरच्यांशी सहमत आहे. आता हात कुठे घालायचा ते सांगतो, कारण बॅटरीवर मीटर लावताना माणसे नेमक्या त्याच त्या चुका करतात.

गाडीचा एकूण भार मोजण्यासाठी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह पट्टी सैल करून काढायची आणि ती पट्टी व बॅटरीचा खुंटा यांच्या मध्ये मीटर जोडायचा. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात हवी. या पिवळ्या मीटरच्या त्या भोकाला बहुधा फ्यूज नसतो आणि तसे त्यावर छापलेलेही असते, त्यामुळे मीटर मध्ये असताना चावी फिरवण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नका. छोट्या गाडीचा स्टार्टरसुद्धा शंभर अँपिअरच्या वर ओढतो. मीटर जळेल आणि हातालाही चटका बसेल. शिवाय १० अँपिअरच्या भोकात वायर तशीच विसरून पुढे कोणी व्होल्ट मोजायला बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना टोके लावली, की सरळ शॉर्ट होतो. माझ्या मुलाने माझ्यासमोर हे केले आहे आणि त्या टोकांचा काळा डाग आमच्या बाकावर अजून आहे.

दुसरे असे की गाडी बंद केल्याबरोबर झोपत नाही. दारे लावून लॉक केल्यावरही तिचे निरनिराळे कंट्रोलर काही वेळ जागे असतात आणि तेव्हाचे वाचन फसवे असते. बॉनेट तर उघडे ठेवावेच लागते, म्हणून त्याच्या लॉकमधली खिट्टी स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लावल्यासारखे वाटेल; पुढे उघडताना आधी आतला दांडा ओढून ती मोकळी करायला विसरू नका. बटण-स्टार्टची गाडी असेल तर चावी घरात लांब ठेवा. नंतर चांगला पाऊण तास जाऊ द्या. कॅमेरा काढलेल्या निरोगी गाडीचा स्वतःचा खप २० ते ५० मिलिअँपिअरमध्ये बसतो. त्यापेक्षा बराच जास्त आला तर दोष कॅमेऱ्यात नसून दुसरीकडे आहे.

वायरमनकडचा क्लॅम्प मीटर मागून आणणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे का, हे आधी बघा. बहुतेकांकडे घरगुती लाइनचा, फक्त एसी मोजणारा क्लॅम्प असतो आणि तो बॅटरीच्या वायरीवर शून्यच दाखवतो. ते शून्य पाहून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत.

प्रयोगवही :

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेते, म्हणून एक वेगळी रीत सुचवते. वायरमनदादांची पद्धत एकूण भारासाठी योग्यच आहे. परंतु केवळ कॅमेऱ्याचा खप रात्रभर, दर तासाला बघायचा असेल, तर मल्टिमीटर थेट मार्गात जोडून ठेवणे गैरसोयीचे आहे. १० अँपिअरच्या रेंजवर या मीटरचा शेवटचा आकडा १० मिलिअँपिअरचा असतो, त्यामुळे लहान प्रवाह धड कळत नाही. तो कळावा म्हणून २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर गेलात आणि तेवढ्यात कॅमेरा जागा झाला, की आतला फ्यूज उडतो. प्रयोगशाळेत आमचे हे फ्यूज चण्याफुटाण्यासारखे खपतात.

त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून ०.१ ओहम, ५ वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर आणा. कॅमेऱ्याच्या किटमधली (कॅमेरा फ्यूज बॉक्सला जोडणाऱ्या वायरींच्या संचातली) जी वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवरून येते (बहुतेक किटमध्ये ती पिवळी असते), तिच्या फ्यूजच्या पुढे हा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि उघड्या टोकांना टेप गुंडाळा. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांमधला दाब (व्होल्टेज) वाचा. दर १ मिलिव्होल्टला १० मिलिअँपिअर, इतका सोपा हिशेब आहे. ४२ मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह ०.४२ अँपिअर. या रेंजवर मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणजे १ मिलिअँपिअरचा बदलही टिपता येतो, आणि कॅमेरा मध्येच जागा झाला तरी काही जळत नाही. कॅमेऱ्याला मिळणाऱ्या दाबात यामुळे जेमतेम ०.०४ व्होल्टची घट होते, तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. रेझिस्टरच्या ०.१ ओहम या मूल्यात पाच टक्के इकडेतिकडे असू शकते, तेवढी सूट उत्तरातही ठेवावी.

एक कृपा करा : हा रेझिस्टर कॅमेऱ्याच्याच वायरीत बसवा, बॅटरीच्या मुख्य पट्टीत नव्हे. आणि वाचने वहीत वेळेसह लिहा. नुसते लक्षात ठेवलेले आकडे दुसऱ्या दिवशी आपल्या सोयीचे होतात.

नवा_सभासद_४१६ :

एवढा खटाटोप कशाला? रात्री कॅमेऱ्याची वायर काढून ठेवावी.

मंगळवारपेठकर :

दिवा रात्रीच फोडला होता, साहेब.

प्रयोगवही ताई, तुमच्या रीतीने काल रात्री मोजले. रेझिस्टर मिळायला तीन दुकाने फिरावी लागली, पण मिळाला. इंजिन चालू असताना ४२ मिलिव्होल्ट आले. गाडी बंद करून लॉक केल्यावर पाऊण तासाने ४२, रात्री अकराला ४१ आणि पहाटे पाचला पुन्हा ४२. बॉनेटची खिट्टी दाबून, कॅमेऱ्याचा फ्यूज काढून वायरमनदादांच्या पद्धतीने गाडीचा एकूण भार घेतला, तो ०.०३ अँपिअर आला. म्हणजे गाडी निरोगी दिसते. कॅमेरा मात्र दिवसरात्र एकच आकडा धरून बसला आहे. मोशन डिटेक्शनचा, म्हणजे हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करणारा पार्किंग मोड मी स्वतः मेनूमध्ये निवडलेला आहे.

उद्यमनगर_वायरमन :

तुमच्या आकड्यांनीच चोर पकडून दिला. पार्किंग मोडमध्ये गेलेला कॅमेरा कितीही खादाड असला तरी चालू गाडीइतकाच आकडा रात्रभर जसाच्या तसा दाखवणार नाही. तुमचा कॅमेरा पार्किंग मोडमध्ये गेलेलाच नाही. गाडी चालू आहे, असेच तो समजतो आहे.

किटला तीन वायरी असतात. पिवळी कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, लाल फक्त चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला आणि काळी बॉडीला अर्थ. लाल वायरीतली वीज गेली की कॅमेऱ्याला गाडी बंद झाल्याचे कळते. बसवणाऱ्याने घाईत लाल आणि पिवळी दोन्ही कायम चालू असलेल्या फ्यूजवर घेतल्या असाव्यात. चावी काढून, गाडी लॉक करून, लाल वायरीच्या फ्यूजवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला तर माझे म्हणणे खरे.

तसे असेल तर लाल वायर वायपर किंवा १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवर घ्या. मात्र काही गाड्यांत सॉकेटही कायम चालू असते, म्हणून तिथेही आधी लॅम्प लावून खात्री करा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलरच्या फ्यूजला हात लावू नका. वायर सोलून पीळ मारून जोडण्यापेक्षा फ्यूजच्या मापाचा टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) घ्या. फ्यूजची मापे दिसायला सारखी आणि बसायला वेगळी असतात, म्हणून जुना फ्यूज खिशात घालूनच दुकानात जा.

गोकुळशिरगाव_दुसरी_पाळी :

त्या रविवारचा हिशेबही जुळतो. शुक्रवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी सात म्हणजे ३५ तास. कॅमेऱ्याचे ०.४२ आणि गाडीचे ०.०३ मिळून ०.४५ अँपिअर, म्हणजे पावणेसोळा एएच खर्च झाले. नव्या ३५ एएच बॅटरीने हे कदाचित सोसले असते. तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीत प्रत्यक्षात २५ एएचच्या आसपास धरले, तर मागे नऊच उरतात, आणि तेवढ्यावर स्टार्टर फिरवण्याची ताकद राहीलच असे नाही.

कट-ऑफने कॅमेरा का बंद केला नाही, हे विचारण्याआधी किटवरचे बटण किती व्होल्टवर आहे ते बघा. बऱ्याच किटमध्ये कारखान्यातून ते सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवलेले असते. मी स्वतः ११.८ वर ठेवतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्यामुळे मला अजून अडचण आलेली नाही.

प्रयोगवही :

११.८ बद्दल मी नम्रपणे असहमत आहे. विश्रांतीत असलेल्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या वर असतो, १२.४ ला साधारण तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मी, १२.० ला एक चतुर्थांश आणि ११.८ ला ती जवळजवळ रिकामी असते. कॅमेऱ्याचा भार इतका हलका आहे की त्याखाली दिसणारा दाब विश्रांतीच्या दाबाजवळच राहतो. म्हणून ११.८ ला कट-ऑफ झाला, तर बॅटरी वाचली असे म्हणता येत नाही. ती संपल्याची नोंद तेवढी झाली. शिवाय ‘निम्मी’ म्हणजे जेवढी क्षमता उरली आहे तिच्या निम्मी. जुन्या बॅटरीचा १२.२ व्होल्ट हा नव्या बॅटरीच्या १२.२ व्होल्टपेक्षा गरीब असतो.

गाडी थांबवल्याबरोबर मोजलेला दाबही खरा मानू नये. इंजिन चालू असताना चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास होत असते आणि त्याचा फुगवटा काही तास टिकतो. पहाटेचे वाचन सर्वांत प्रामाणिक.

उद्यमनगर_वायरमन :

ताईंच्या बाजूने माझे मत : १२.२. स्टार्टरची बॅटरी थोडा वेळ भरपूर ताकद देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू तळापर्यंत रिकामी होण्यासाठी नव्हे. दोनचार वेळा तशी उतरली की तिचे आयुष्यच घटते. किटचे स्वतःचे मोजमापही दशांश-दोन दशांश चुकू शकते, म्हणून कॅमेरा ज्या क्षणी बंद होतो तेव्हा बॅटरीच्या खुंट्यांवर किती व्होल्ट आहेत, हे एकदा मल्टिमीटरने पाहून घ्या.

वेगळ्या बॅटरीचे विचारलेत. १२.८ व्होल्ट, ६ एएचचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक म्हणजे सुमारे ७७ वॅट-तास, तुमच्या ५ वॅटच्या कॅमेऱ्याला चौदा तासांच्या आसपास. गाडीची बॅटरी सुरक्षित राहते, हा त्याचा फायदा मोठा आहे. पण तो भरतो गाडी चालू असताना, आणि रिकामा झाला तर भरायला तास-दीड तास सहज जातो. रोज पुण्या-मुंबईच्या रस्त्याला असाल तर जरूर घ्या. पेठेतून राजारामपुरीत जाऊन येणाऱ्याने घेऊ नये. तो पॅक कायम अर्धपोटीच राहील. मोबाइलची पॉवर बँक उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून तिच्यावर कॅमेरा चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मंगळवारपेठकर :

दिवा पेटला! लाल आणि पिवळी दोन्ही कायम चालू असलेल्या फ्यूजवर होत्या आणि किटचे बटण ११.६ वर होते. लाल वायर मागच्या वायपरच्या फ्यूजवर घेतली, कट-ऑफ १२.२ केला आणि मग तीन रात्री तीन मोड लावून मोजले.

मोशन डिटेक्शनमध्ये ३७ मिलिव्होल्ट, टाइमलॅप्समध्ये (ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपणाऱ्या मोडमध्ये) ३३ आणि फक्त धक्का बसल्यावर जागा होणाऱ्या मोडमध्ये २. मोशन डिटेक्शन एवढे कमी वाचवेल असे वाटले नव्हते. बोळात काही हलले नाही तर रेकॉर्डिंग नाही, म्हणजे खर्चही नाही, अशी माझी समजूत होती. वायफाय बंद ठेवूनच ही वाचने घेतली आहेत.

प्रयोगवही :

हालचाल झाली की नाही, हे समजण्यासाठी कॅमेऱ्याला सतत बघत राहावे लागते. सेन्सर चालू, प्रोसेसर चालू. मोकळीक मिळते ती मेमरी कार्डाला. धक्क्यावर जागा होणाऱ्या मोडमध्ये मात्र फक्त धक्का ओळखणारा छोटा भाग जागा असतो, म्हणून खप वीस मिलिअँपिअरवर येतो. त्याची किंमतही लक्षात घ्या : जागे व्हायला सेकंद-दोन सेकंद लागतात, त्यामुळे आपटण्याआधीचा क्षण त्यात सापडत नाही.

तासांचा हिशेब असा. तुमच्या बॅटरीतले २५ एएच धरून त्यातले ८ खर्चायचे ठरवा. गाडीचा खप मिळवून टाइमलॅप्सला ०.३६ अँपिअर, म्हणजे २२ तास. धक्क्याच्या मोडला ०.०५ अँपिअर, म्हणजे १६० तास, सहा दिवसांहून थोडे अधिक.

उद्यमनगर_वायरमन :

२२ तास आहेत म्हणून रोज रात्री टाइमलॅप्स लावू नका. बारा तासांत सव्वाचार एएच जातात, आणि तुमच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्यांत ते पुरते परत येतील याची खात्री नाही, कारण बॅटरी भरत आली की तिचे पिणे मंदावते. रोज थोडी थोडी उपाशी राहिलेली बॅटरी एक दिवस दगा देते. दारात गाडी असताना धक्क्याचा मोड ठेवा. नवरात्रात बिंदू चौकाकडे चारपाच तास गाडी लावायची असेल, तेव्हा टाइमलॅप्स खुशाल वापरा. पुढे कधी कॅमेरा बदललात तर हे मोड वेगवेगळे निवडता येतात का, त्याच कंपनीचे तीन वायरींचे किट मिळते का, आणि आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, बॅटरी नसलेला भाग) आहे का, एवढे विचारून घ्या. बंद गाडीतल्या एप्रिलच्या उन्हात लिथियम बॅटरी फुगते.

मंगळवारपेठकर :

उशिरा लिहितो आहे, कारण रविवारची वाट बघत होतो. बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घेतली. शुक्रवारी सकाळी तिचा विश्रांतीतला दाब १२.५२ आला, म्हणजे वय झालेच आहे. मग मुद्दाम त्याच वेळी, रात्री आठला, धक्क्याचा मोड लावून गाडी उभी केली आणि रविवारी सकाळी सातपर्यंत तिला हात लावला नाही. दाब १२.४६, आणि गाडी पहिल्या चावीला चालू. मधल्या काळात कॅमेरा दोनदा जागा झालेला दिसतो : एकदा शेजारच्या मुलांचा चेंडू बॉनेटवर पडला म्हणून, आणि एकदा मांजर. रेझिस्टर काढून टाकला आहे आणि तिन्ही मोडची वाचने तारखेसह कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली आहेत. बॅटरीचे दुकान आणि कॅमेरावाला, दोघांनाही तो कागद दाखवून आलो.